सोमवारची टेकडी

पडदेवालीने आयुष्यभरात जेवढं कापड शिवलं तेवढं एकाला एक जोडलं असतं, तर ते चंद्रापर्यंत जाऊन परत आलं असतं आणि उरलेल्यात उशांचे अभ्रे निघाले असते. असं ती स्वतःच सांगायची. गिऱ्हाइकं हसायची. पण तिच्या मापात कधी बोटभर चूक निघाली नाही, म्हणून तिच्या थापाही लोक कापडाबरोबर घडी घालून घरी न्यायचे.

दुकान खाली, घर वर तिसऱ्या मजल्यावर, आणि मधे जिना. लिफ्ट बसवणार बसवणार म्हणता म्हणता घरमालकाचे केस पांढरे झाले. दिवसभर मशीनवर बसून पडदेवालीचे पाय शिवणकामाला पक्के आणि चालायला कच्चे झालेले. भाजीची पिशवी घेऊन वर आली की दारातल्या स्टुलावर बसायची आणि हाताने खुणा करायची. एक बोट म्हणजे पाणी, दोन बोटं म्हणजे पंखा, आणि सगळा पंजा म्हणजे काही विचारू नका.

सुनेला दिवस गेले होते, आठवा सरत आला होता. लेक आणि सून दोघंही नोकरीवाले. सून इस्पितळात एक्स-रे काढायची. बाळ झाल्यावर ती कामावर परत गेली की दिवसभर त्याला सांभाळायचं कोणी, हा प्रश्न घरात होताच. पण तो विहिणीने फोनवर काढला, आणि फोन स्पीकरवर होता.

"मी म्हणते, वर्षभर बाळ आमच्याकडेच असू दे," विहीण म्हणाली. "इथे अंगण आहे, तळं आहे, हवा आहे. तिथे काय, जिनेच जिने! विहीणबाईंना आता झेपणार आहे का? गेल्या खेपेला मी पाहिलं ना. पिशवी घेऊन वर आल्या आणि मला 'या' म्हणायला त्यांना चहा होईपर्यंत वेळ लागला."

हे अगदी खरं होतं. म्हणून तर पडदेवालीला झोंबलं.

"अहो विहीणबाई, ते तेव्हाचं," ती म्हणाली. "आता मी रोज पहाटे टेकडी चढते."

टेबलाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याचं बिस्कीट चहात पडलं.

"कुठली टेकडी?"

"आमच्या खिडकीतून दिसते ना, मोबाइलच्या टॉवरची, ती."

"रोज?"

"रोज. रविवारी दोनदा."

रविवारी दोनदा म्हणायची काही गरज नव्हती. पण पडद्याला झालर आणि थापेला शेपूट लावल्याशिवाय त्या बाईला चैन पडत नसे.

विहीणही काही कमी नव्हती. "चांगलं आहे हो. मीही रोज तळं पोहून पार करते, या काठापासून त्या काठापर्यंत. पण काय हो, टेकडीच्या पायथ्याशी तर माझ्या मावसभावाचं मेडिकल आहे. पहाटेच उघडतो तो. तुम्ही दिसता असं कधी बोलला नाही."

"दिसेन कशी? मी मागच्या वाटेने जाते. खाणीकडून. ती वाट जरा अंगावर येते, सगळ्यांना नाही जमत."

"बरं झालं. बाळ झालं की मी येतेच आहे. मग जाऊ दोघी तुमच्या मागच्या वाटेने. धाप न लागता चढलात तर बाळ तुमच्याकडे. मी एक शब्द काढणार नाही. आणि नाही चढलात..."

"अगं आई, माझ्या बाळावर पैजा कसल्या लावता दोघी!" सून ओरडली. पण फोन ठेवल्यावर ती पडदेवालीजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "अहो आई, मलापण बाळ इथेच हवंय. तिकडे ठेवलं तर मला सुट्टीच्या दिवशीच दिसणार. पण तुमचा गुडघा बघून मला भीती वाटते. बाळ कडेवर असताना जिन्यात चक्कर आली तर? तुम्ही खरंच चढता ना टेकडी?"

आता अशा डोळ्यांनी कोणी विचारल्यावर काय सांगायचं?

"म्हणजे काय!" पडदेवाली म्हणाली.

सून आत गेली तेव्हा नवरा चमच्याने बिस्कीट शोधत होता. "तू टेकडी चढतेस?"

"हो."

"पहाटे?"

"हो म्हटलं ना."

"मग पहाटे माझ्या शेजारी घोरतं ते कोण?"

नवरा फुटबॉलचा रेफरी होता. निवृत्त होऊन किती काळ लोटला, पण शिट्टी अजून गळ्यात आणि पिवळं-लाल कार्ड खिशात. बायकोने थाप मारली की तो पिवळं कार्ड दाखवायचा. पण यावेळी त्याने कार्ड काढलं नाही. नातवंड त्यालाही हवं होतं.

"हातात दीडेक महिना आहे," तो म्हणाला. "मी तुला तयार करतो. पण माझ्या पद्धतीने. रोज तोच तो व्यायाम केला की शरीर शहाणं होतं, कामचुकारपणा शिकतं. म्हणून एक दिवस पाय, एक दिवस दंड, एक दिवस पाठ, एक दिवस दम. आणि सगळं उघड्यावर. खोलीत केलेला व्यायाम खोलीतच राहतो."

"उघड्यावर? रोज टेकडी चढणारी बाई चौकात धापा टाकताना दिसली तर दुपारपर्यंत मेडिकलवाल्याला कळेल आणि संध्याकाळी विहिणीला."

"मग व्यायाम करतेस असं दिसू द्यायचं नाही. दिसायला काम दिसलं पाहिजे. थापा तुझ्या, घाम तुझा, शिट्टी माझी."

टेकडीच्या बाजूला मात्र फिरकायचंसुद्धा नाही, असं ठरलं. तिथे मेडिकलवाला डोळ्यात औषध घालून बसलेला.

पहिल्या दिवशी रेफरीने तिला फुटबॉलच्या मैदानावर नेलं. प्रेक्षकांच्या बाकांच्या पायऱ्या चढायच्या होत्या. पडदेवाली थोड्याशा चढली आणि तिचं काळीज कानात येऊन बसलं. गुडघ्याने असा आवाज केला की झाडावरचे कावळे उडाले. ती बसली तशी खालून शिट्टी वाजली आणि पिवळं कार्ड वर झालं.

"अहो, मरेन ना मी!"

"मरायला वेळ आहे. आज इथवर, पुढच्या खेपेला वरच्या पायरीवर. घाई नको आणि सुट्टीपण नको."

दुसरा दिवस दंडाचा होता. मैदानाच्या कडेला गवत सपाट करायचा लोखंडी रोलर पडलेला असायचा. दोन माणसं ओढतात तो. पडदेवालीकडे तेव्हा शाळेच्या स्टेजचा भलामोठा पडदा शिवायला आलेला. तिने तो गवतावर अंथरला आणि रोलर त्याच्यावरून ओढायला लागली. रखवालदार पळत आला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"इस्त्री."

"रोलरने?"

"एवढ्या पडद्याला घरची इस्त्री म्हणजे हत्तीला फणी. मोठ्या शहरांत सगळे असंच करतात, तुला माहीत नाही?"

रखवालदाराने मान डोलावली. आणि गंमत बघा, थोड्याच दिवसांत त्याची बायको चादरी घेऊन आली. मग तिची बहीण आली. पुढे पुढे तर सकाळी मैदानावर चादरींची रांग लागायला लागली आणि पडदेवाली त्यांच्यावरून रोलर ओढत फिरायची. तिच्या दंडात बळ आलं आणि गावातल्या चादरींना अशी कडक घडी आली की त्यांच्यावर झोपल्यावर माणूस घसरून खाली पडायचा.

दमाच्या दिवशी बस. रेफरीची युक्ती साधी होती. बस सुटली की तिच्यामागे पुढच्या थांब्यापर्यंत धावायचं. बघणाऱ्याला वाटणार, बिचारीची बस चुकली. पहिल्या दिवशी पडदेवाली विजेच्या खांबापर्यंत धावली आणि खांबाला अशी मिठी मारून उभी राहिली की लोकांना वाटलं कोणी नातलग भेटला. मग हळूहळू खांब मागे पडत गेले. पण एक घोळ झाला. बसचा ड्रायव्हर निघाला भला माणूस. दर वेळी हीच आजी मागे धावते, दर वेळी हिचीच बस चुकते, हे बघून त्याचं मन गलबललं. तो तिच्यासाठी थांबायला लागला.

"या आजी, या! सावकाश या, मी थांबलोय!"

सगळी बस खिडकीतून बघतेय म्हटल्यावर चढावंच लागायचं. सगळा घाम वाया! शेवटी ती त्याला म्हणाली, "बाबा रे, तू थांबू नकोस. डॉक्टरांनी मला बसायला मनाई केलीय."

"मग बस कशाला पकडता?"

"उभी राहणार आहे."

तो बिचारा तेव्हापासून मागे न बघता बस हाणायचा. तिला तेच तर हवं होतं.

पाठीच्या दिवशी नदीवर मखमली पडदे धुणं. कोरडी मखमल म्हणजे मांजर आणि भिजली की म्हैस. ती म्हैस पिळायची, खांद्यावर टाकायची आणि वाळूतून चालत वरच्या रस्त्याला आणायची. वाळूत पाय रुतायचे, पोटऱ्या ओरडायच्या. रेफरी मागून छत्री धरून चालायचा. त्याला सावली लागायची ना!

आणि एक दिवस बागेतल्या लोखंडी दांडीला लोंबकळणं. लहान मुलं येण्याआधी उरकायचं असं ठरलेलं. ती दांडीला लटकली होती, डोळे मिटून, ओठ घट्ट, आणि खालून कोणीतरी म्हणालं, "ताई?"

मेडिकलवाला! सकाळचं फिरणं उरकून चालला होता.

"काय करताय ताई?"

"पडद्याची दांडी," पडदेवाली लटकूनच म्हणाली. "किती वजन पेलते ते बघतेय. गिऱ्हाइकाला शब्द द्यावा लागतो."

"ही तर बागेची दांडी आहे."

"कंपनी तीच आहे."

मेडिकलवाल्याने दांडीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "पण टेकडीवर तुम्ही मला कधी दिसला नाहीत हं."

"तुमच्या दुकानातून टेकडीची मागची बाजू दिसते का?"

"नाही."

"मग?"

मेडिकलवाला 'मग' पुढे काही शोधत उभा राहिला. त्याला सापडेना आणि हिला खाली उतरता येईना, कारण हात सोडले तर धप्पकन आवाज झाला असता. तो जाईपर्यंत ती लटकून राहिली. इतका वेळ ती आयुष्यात कधी लटकली नव्हती. मग रेफरीने झुडपामागून येऊन तिला उतरवलं आणि म्हणाला, "त्याला रोज बोलवायला हवं."

असं करता करता एके संध्याकाळी पडदेवाली बटाट्यांची पिशवी घेऊन वर आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "सूनबाई, चहा टाकू का गं?" म्हणाली आणि स्वतःच दचकली. स्टुलावर बसायची राहिली होती. एक बोट, दोन बोटं, काहीच नाही. ती परत खाली गेली आणि खात्री करायला पुन्हा वर आली. मग चहा टाकला.

त्याच आठवड्यात बाळ झालं. मुलगी. मखमलीच्या म्हशी उचललेल्या त्या हातांवर नात ठेवली तर ती पडद्याच्या कडीएवढी हलकी. आणि कधी नाही ते पडदेवालीचे हात कापले. रोलर ओढताना नव्हते कापले तसे कापले. ही पोर आता वर्षभर लांब जाणार असेल तर आपण काय फक्त पडदेच शिवत बसायचं, असं तिच्या मनात आलं आणि तिने नातीला असं काही छातीशी धरलं की सून म्हणाली, "अहो आई, श्वास घेऊ द्या तिला."

विहीण आली ती मोठी बॅग स्वतःच वर घेऊन आली. कोणाला हात लावू दिला नाही. दारात उभी राहिली, लाल झालेल्या तोंडाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली, एक मोठा आवंढा गिळला आणि मग म्हणाली, "जिना छान आहे हो." पडदेवाली बॅगेचं वजन डोळ्यांनी मोजत होती, त्यामुळे तो आवंढा तिच्या ध्यानात आला नाही. नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं.

टेकडीचा दिवस उजाडला. विहीण पांढरेशुभ्र बूट घालून तयार. पडदेवाली जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. दोघी जिना उतरायला लागल्या आणि रेफरीने वरून कठड्यावरून वाकून बायकोला कानात सांगितल्यासारखं विचारलं, "वाट बघून आली आहेस ना?"

पडदेवालीचा पाय पायरीवरच थिजला.

पाय तयार केले होते. दंड, पाठ, दम, सगळं तयार केलं होतं. पण खाणीकडून टेकडीवर जाणारी वाट आहे की नाही, हे कोणीच बघितलं नव्हतं. ती वाट फोनवर जन्मली आणि फोनवरच राहिली.

"काय झालं?" विहीण म्हणाली.

"काही नाही. किती वाजता परत यायचं, विचारतायत."

खाणीपर्यंत रस्ता होता. खाणीमागे काटेरी झुडपं होती, आणि झुडपांमधून शेळ्यांनी केलेल्या पायवाटा, एकीलाही शेवट नसलेल्या. पडदेवालीने त्यातली एक अशी काही निवडली जशी ती तिच्या बापाने बांधली होती.

"चला, हीच."

आता दोघींनाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बोलणं थांबलं की धाप ऐकू येते. म्हणून दोघी बोलत सुटल्या. चढ वाढला तशा जास्तच बोलायला लागल्या.

"तुमच्या तळ्यात मासे आहेत का हो विहीणबाई?"

"आहेत तर! मी पोहायला लागले की बाजूला होतात. ओळखतात मला. आणि हा दगड किती मोठा आहे हो!"

"हा माझ्या रोजच्या ओळखीचा."

"नाव नाही ठेवलंत?"

"ठेवलंय. तुमच्यावरूनच."

"शोभतो. हलत नाही ना जागचा."

काट्यांनी पदर ओढले, पायाखालची खडी घसरली. एका ठिकाणी हाताने धरून वर चढावं लागलं. पडदेवालीने खडकाला हात घातला आणि बागेतली दांडी आठवून स्वतःला वर खेचलं. मग वाकून विहिणीला हात दिला आणि मखमलीसारखी वर ओढून घेतली. विहीण काहीतरी बोलणार होती, पण यावेळी बोलली नाही. नुसतंच घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघत राहिली.

शेवटचा चढ आला. पडदेवालीला आपल्या छातीचा भाता ऐकू येत होता, पण तो एका लयीत चालला होता, मशीनसारखा. बस, रोलर, पायऱ्या, वाळू, सगळं पायांत उतरलं होतं. ती माथ्यावर पोहोचली, कमरेवर हात ठेवले, आणि धाप न लागता, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "आलो बघा!"

माथ्यावर छान सपाटी होती. दोनचार शेळ्या होत्या. टॉवर मात्र नव्हता.

टॉवर होता समोरच्या टेकडीवर. मधे दरी, पलीकडे टेकडी, तिच्यावर टॉवर, पायथ्याशी मेडिकलची हिरवी पाटीसुद्धा दिसत होती.

दोघी टॉवरकडे बघत होत्या. एक शेळी त्यांच्याकडे बघत होती.

"ती समोरची," विहीण सावकाश म्हणाली, "ती टॉवरची, तीच ना तुमची?"

"हो."

"मग ही कोणाची?"

पडदेवालीने आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण इतक्या कमी वेळात एकही शिवली नव्हती.

"ही... सोमवारची," ती म्हणाली.

"आज गुरुवार आहे."

आणि विहीण हसायला लागली. आधी खुदकन, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी. हसता हसता ती मटकन खाली बसली. पाय लांब झाले. पांढऱ्या बुटांचे तळवे पडदेवालीसमोर आले, आणि उजव्या तळव्याच्या खोलगट भागात दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

"विहीणबाई," पडदेवाली खाली वाकली, "हे बूट कधी घेतलेत?"

हसू थांबलं. "परवा."

"आणि तळं?"

विहिणीने इकडेतिकडे बघितलं. साक्षीला शेळ्याच होत्या. "तळ्यात मी पाय घालून बसते. मासे गुदगुल्या करतात म्हणून तेही लगेच काढते. मला पोहता कुठे येतं!"

"आणि बॅग उचलून तीन मजले?"

"त्या रात्री पाठीला मलम लावून झोपले. महिनाभर तयारी करत होते हो. शेजाऱ्यांची शेळी सोडायची आणि पकडायला तिच्यामागे धावायचं. शेजारी म्हणतात, काय परोपकारी बाई आहे! सोडायचे मीच."

पडदेवालीला ती बाई एकदम आवडून गेली. शेळीची युक्ती बसच्या तोडीची होती, हे कबूल करायलाच हवं.

"पण कशाला एवढं?"

"पोर एकुलती एक माझी," विहीण म्हणाली. "ती इकडे आली. आता तिची पोरही इकडेच. मग माझ्या अंगणात कोण रांगणार? आणि म्हटलं, थकलेली दिसले तर बाळ हातातही देणार नाहीत."

पडदेवाली तिच्याशेजारी बसली. नात हातावर घेतली तेव्हा आपले हात कसे कापले ते तिने सांगितलं. थाप नसलेलं ते तिचं पहिलंच वाक्य असावं, म्हणून जरा अडखळतच सांगितलं.

"मग तुम्हीच या ना इकडे राहायला," ती म्हणाली. "बाळ कशाला हलवायचं? आजी हलवू. सून घरी नसेल तेव्हा दोघी असू."

"जिना आहे तुमचा."

"शेळी सोडू जिन्यात."

ठरलं. टेकडीचं विहिणीने बोलायचं नाही, तळ्याचं पडदेवालीने. झाकली मूठ सव्वा लाखाची. विहीण उठायला गेली आणि "आई गं" करून परत बसली. नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. बूट चढेनात, आणि अनवाणी काट्यांतून उतरणार कशी?

"खांद्यावर या," पडदेवाली म्हणाली.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"मखमल नेते मी रोज. ओली."

"मी काय मखमल आहे?"

"नाही, पण आज चालवून घेते."

आणि तिने विहिणीला उचललं की! उजव्या खांद्यावर आडवी टाकली, डोकं मागे, पाय पुढे, हातात पांढरे बूट. यावेळी शेळ्यांची सगळ्यात सोपी वाट धरून, मधे मधे खडकावर टेकवत, पुन्हा उचलत ती उतरली. दरीतून बाहेर आल्या तर कुठे, थेट मेडिकलसमोर! सकाळचा बाजार भरलेला. रखवालदार चहा पीत होता, त्याचा कप वाकडा झाला. बस थांबली आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आजी, या, या!" आणि मग खांद्यावर काय आहे ते बघून मुकाट्याने निघून गेला.

मेडिकलवाला धावत बाहेर आला. बहिणीचं तोंड कुठे आहे ते शोधत तो पडदेवालीच्या मागे गेला. "अगं ताई! काय झालं तुला?"

"काही नाही रे," विहीण उलट्या डोक्याने म्हणाली. "हा विहीणबाईंचा रोजचा व्यायाम आहे. रोज कोणाला तरी घेतात. आज माझी पाळी होती."

मेडिकलवाला दोन पावलं मागे सरकला. आपली पाळी कधी येईल याचा तो बहुधा विचार करत असावा.

घरी विहिणीने टाचांना मलम लावत जे काही सांगितलं ते ऐकून पडदेवालीनेही तोंडात बोट घातलं. वाट इतकी उभी की शेळ्या हात धरून चढत होत्या म्हणे. वाटेत रानडुक्कर आडवं आलं आणि पडदेवालीने त्याला बाजूला हो म्हटलं, तर ते झालं. रेफरीने पिवळं कार्ड काढलं, विहिणीकडे बघितलं आणि पाहुणी म्हणून परत खिशात घातलं.

सून मात्र रानडुकराच्या नादी लागली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई, यांनी तुला खरंच उचललं?"

"खरंच."

"आणि जिना?"

"तीनही मजले. मी वरच्या मजल्यावर डुलकी काढली."

सुनेने बाळाला उचललं आणि पडदेवालीच्या हातात दिलं. "मग इथेच राहू द्या हिला. आणि अगं आई, तूपण राहा. आम्ही दोघं तुला तेच विचारणार होतो." मग हसत म्हणाली, "पण उन्हाळ्यात आपण सगळे तिकडे जायचं हं! अहो आईंची टेकडी झाली, आता तुझं तळं बघायचंय. दोघी पोहून दाखवा."

दोन्ही विहिणींनी एकमेकींकडे बघितलं. तळं खोल होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला सून बाळाला घेऊन आली, तर कठड्याशी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या, आणि त्यांच्यात दोन आज्यांची डोकी. बुडबुडे येत होते. बाजूला रेफरी शिट्टी घेऊन उभा.

"अहो आई! अगं आई! हे काय चाललंय?"

पडदेवालीने निथळतं तोंड बाहेर काढलं. "पडद्याचा रंग जातो का ते बघतोय."

"बादलीत पडदा कुठे आहे?"

"गेला ना. रंगाबरोबर."

"अगं, बोलू नकोस, श्वास धर!" रेफरी ओरडला. "अजून अर्धं तळंसुद्धा झालं नाही!"

पडदेवालीने ओला हात त्याच्या खिशात घातला, लाल कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. विहीण बादलीतच हसली, तिच्या नाकात पाणी गेलं. ती शिंकली. तिला बघून नातही शिंकली.